सोमवार पाळणारा मासा

"थांबा. खाली कुणीतरी बोलतंय."

एवढं म्हणून ती डावा हात वर करायची, पंजा उघडा, बोटं ताठ, आणि मग बोलायची सोय नसायची. माझीच नव्हे, कावळ्यांचीसुद्धा. एकदा तिने असा हात वर केला आणि आगरदांड्याकडे निघालेली फेरीबोट भोंगा वाजवता वाजवता अर्ध्यात गप्प झाली, हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. फेरीवाले म्हणतात, भोंगा बिघडला होता. म्हणोत बापडे.

दिघीच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी माझी होडी असते. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणं हा माझा धंदा. दिसले तर दाखवतो, नाही दिसले तर सांगतो. खरं सांगू का, सांगितलेले डॉल्फिन जास्त मोठे असतात आणि उड्याही उंच मारतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. असल्या माणसाच्या होडीत देवाने बसवली कोण, तर स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय सख्ख्या आईवरही विश्वास न ठेवणारी ही पोरगी.

होती तळा गावची. भातशेतीवाल्यांचं घर. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही म्हणे सगळी पोरं लाटांत नाचत होती आणि ही ओल्या वाळूला कान लावून बसली होती. पोहता येत नाही. उंची माझ्या वल्ह्याच्या निम्मी. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. कुठल्याशा समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने तिला पाठवली होती, माशांचं बोलणं ऐकायला.

"मासे बोलतात?" मी विचारलं.

"भांडतात, घाबरवतात, लग्नं जमवतात. तुमच्याआमच्यासारखंच."

"मग दिसत कसे नाहीत बोलताना?"

"काका, तुमच्या खाडीत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. कॅमेरा टाकला तर चिखलाचा फोटो येईल. इथे डोळ्याचं काम नाही. पाण्यात आवाज मात्र झकास जातो, हवेत जातो त्याहून लांब आणि लवकर. म्हणून कान टाकायचा."

तो कान म्हणजे हायड्रोफोन. पाण्यात चालणारा माईक. एक तिच्याजवळ होडीत असायचा, लांब वायरीचा, हेडफोन लावून तिथल्या तिथे ऐकायला. दुसरा करड्या नळकांड्यात बंद, दगडाला बांधून खाडीच्या तोंडाशी तळाला सोडलेला, वर खुणेला बोया. तो रात्रंदिवस एकटाच ऐकत पडायचा, आणि चार-आठ दिवसांनी आम्ही वर काढून त्याने काय काय ऐकलं ते उतरवून घ्यायचो. गावाने त्याचं नाव ठेवलं 'मॅडमचा कान'.

मॅडमना बोट लागायची. लागायची म्हणजे कशी, तर किनाऱ्यावर उभं राहून होडीकडे पाहिलं तरी लागायची. पण ओकतानासुद्धा हेडफोन काढणार नाही. होडीच्या कडेवर वाकलेली, चेहरा कच्च्या कैरीसारखा, आणि मध्येच हात वर! "थांबा, खाली कुणीतरी..." मी म्हणायचो, "मॅडम, खाली पंगत बसलीय, तुम्ही वाढताय." ती हसायची, मग पुन्हा वाढायची.

पहिल्यांदा तिने हेडफोन माझ्या कानाला लावले तेव्हा मी होडीत उभाच्या उभा राहिलो. मला वाटलेलं, पाण्याखाली शांतता असते. अहो, कसली शांतता! जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी कढईत मोहरी टाकल्यासारखी तडतड.

"ही कोळंबीची एक जात," ती म्हणाली. "एक नांगी दांडगी असते. ती एवढ्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. तो फुटल्याचा आवाज."

पन्नास वर्षं मी त्या मोहरीवर होडी चालवत होतो आणि मला गंधही नव्हता. त्या दिवसापासून माझ्या पर्यटकांना डॉल्फिनबरोबर कोळंबीही मिळू लागली. माझी कोळंबी टिचकी मारून होडीची काच फोडते. माझ्या होडीला काच नाही, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि मग सापडला तो.

कान वर काढून ती हिरामावशीच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. राहायला ती तिथेच होती. हिरामावशी म्हणजे आमच्या गावची कालवंवाली. ओहोटी लागली की कोयती घेऊन नाकाडाच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या टेकाडाच्या, पलीकडल्या खडकांवर जायची, चार-पाच बायका बरोबर, आणि खडकाला चिकटलेली कालवं फोडून डब्यात गर भरून आणायची. घरी उतरलेल्या पोरीला रोज कालवांचं सुकं नाहीतर आमटी. तर त्या दिवशी पडवीतून अशी किंकाळी आली की मला वाटलं विंचू चावला.

"काका! ऐका, ऐका, ऐका!"

ऐकलं. मोहरीच्या तडतडीतून एक वेगळाच आवाज. टक. टक-टक. टक. पोकळ, खोल, जणू कुणी रिकामा हंडा पाण्यात बुडवून त्यावर बोट वाजवतंय.

"हा कुठल्याच यादीत नाही," ती म्हणाली. चष्मा दोरीला लोंबत होता आणि डोळे दिव्यांसारखे. "फक्त ओहोटीला येतो! ओहोटी रोज पुढे सरकते, तसा हाही पुढे सरकतो. भरती आली की गप्प. काका, हा चंद्राप्रमाणे चालणारा मासा आहे!"

मी ताबडतोब त्याचं बारसं केलं. टकटक्या.

पुढचे दिवस काय सांगू! गावात टकटक्याशिवाय विषय नाही. माझ्या होडीत टकटक्या तळावर दोनदा वाजवून "आत येऊ का?" विचारायचा, पुण्याच्या एक बाई घाबरून "या, या" म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याने फळा लावला, 'खास टकटक थाळी'. ताटात बांगडाच असायचा, पण वाढताना तो टेबलावर बोटाने टकटक करायचा. तिने मासळीबाजारात छोट्या स्पीकरवर तो आवाज बायकांना ऐकवला. म्हणाली, यांनी कधी असला मासा पाहिलाय का विचारावं. सगळ्या जणी टोपल्या सोडून गोळा झाल्या. हिरामावशी कान लावून ऐकत राहिली आणि म्हणाली, "मेला लबाडच दिसतंय. मी ओहोटीला रोज थितंच असतंय, पन कधी नदरंला न्हाय पडला."

हे वाक्य जरा ध्यानात असू द्या.

आता या टकटक्यावर काय काय टांगलेलं होतं ते सांगतो. तो तळाचा कान तिला थोड्याच महिन्यांसाठी मिळाला होता. संस्थेची माणसं बुधवारी येणार होती. त्यांना पटलं तर कान इथे वर्षभर राहणार, नाही पटलं तर उचलून दुसऱ्या किनाऱ्यावर.

"राहिला काय, गेला काय," मी एकदा म्हटलं. "मासे तर बोलणारच."

तेव्हा ती चिडली. मी तिला चिडलेली पाहिली ती तेवढीच.

"काका, या खाडीतून केवढाली जहाजं जातात. उद्या इथले मासे गप्प झाले तर कुणाला कळेल? आज इथे कोण बोलतं, कधी बोलतं, पावसाळ्यात काय, थंडीत काय, हे कुणी ऐकूनच ठेवलेलं नाही. गावात माणूस बोलायचा थांबला तर आपण दार वाजवतो. यांचं दार कोण वाजवणार?"

त्या दिवशीचं होडीभाडं मी घेतलं नाही. माझ्या आयुष्यात हा प्रकार क्वचित होतो, म्हणून लिहून ठेवतो.

शनिवारी ती बुधवारची तयारी करत होती. टकटक्या कुठल्या दिवशी किती बोलला, ते लॅपटॉपवर लावत होती. मी पडवीत चहा पीत होतो. ती अचानक थांबली.

"हा सोमवारी बोलत नाही."

"दमत असेल."

"एकाही सोमवारी नाही. गुरुवारीही नाही." ती पडद्यावर बोट फिरवत होती. "भरती-ओहोटी कळणारा मासा मी समजू शकते. पण वार?"

मला भयंकर आनंद झाला. म्हटलं, "अहो, भाविक आहे! संकष्टीला बघा बरं काय करतो."

गंमत म्हणून बोललो हो. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं, पडद्यावर पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, "संकष्टीलाही गप्प."

मी हसता हसता चहा सांडला. ती हसत नव्हती. ती मोरीकडे बघत होती. तिथे हिरामावशीची कोयती टेकवून ठेवलेली होती. सोमवार, गुरुवार, संकष्टी. गिऱ्हाईक मासळी खात नाही, बाजार थंड, मग कालवं फोडायला जाणार कोण?

रविवारी ओहोटीला ती मला घेऊन नाकाडाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे आम्ही कधी होडी नेत नसू, खडक फार. बायका गुडघाभर पाण्यात ओणव्या, ठोकाठोकी चालू. जन्मल्यापासून कानावर पडलेला तो आवाज, म्हणून मला कधी ऐकूच आला नव्हता. आणि तिची सगळी धाव समुद्राच्या बाजूने, म्हणून तिच्याही कानी तो पडला नव्हता. तिने हेडफोन लावले, माईक पाण्यात सोडला आणि ओरडली, "मावशी, जरा थांबा!"

कोयत्या थांबल्या.

"आता एकच ठोका!"

हिरामावशीने ठोकला. पोरीने डोळे मिटले. "अजून एक."

टक.

"काय झाला गो बाय?" हिरामावशीने विचारलं.

"मावशी," ती म्हणाली, "टकटक्या तुम्ही आहात."

कोयती खडकावर टेकली. मग हिरामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हनजे माझी थाळी लावलीन त्या मेल्यानं खानावळीत?"

बायका खडकावर बसून हसल्या. हसताना एकीचा डबा वाहून गेला, तो आणायला मी अर्धा समुद्र पालथा घातला. परत आलो तर ती होडीत हेडफोन मांडीवर घेऊन बसलेली. त्या दिवशी बोट लागली नव्हती, तरी चेहरा तसाच.

आता मी माणूस कसा आहे, ते तुम्हाला एव्हाना कळलंय. मी समजावून सांगितलं. म्हटलं, "मॅडम, हे ठाऊक फक्त मला, तुम्हाला आणि या बायकांना. कुणी कुठे बोलणार नाही. साहेब लोक मुंबईचे. ऐकवा टकटक, घ्या वर्ष. वर्षभरात खरा मासा सापडेलच कुठलातरी."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मी सांगतो ना एखादा!"

ती हसली खरी. मग म्हणाली, "काका, तुम्ही सांगता तेव्हा पर्यटक घरी जातात. मी सांगितलं की ते छापलं जातं. मग दुसऱ्या खाडीत दुसरी पोरगी हा मासा शोधत बसेल, आणि तिला मावशी भेटणार नाही."

संपलं. माझी एवढी शाबूत थाप वाया गेली.

सोमवारी संध्याकाळी तिने पुन्हा होडी काढायला लावली. म्हटलं, आज कशाला, आज तर टकटक्याचा उपास. "म्हणूनच," ती म्हणाली. "सोमवारचं मी आजवर धड ऐकलंच नाही. टकटक नाही म्हणून बाजूला टाकत गेले."

खडकांवर कुणी नव्हतं. नाकाडापुढे पाणी एकदम खोल जातं, तिथे इंजिन बंद करून आम्ही वाहत राहिलो. सूर्य टेकायला आला. तिने हात वर केला तो वरच राहिला. मग दुसरा हातही वर गेला. मग ती उठून उभी राहिली. पोहता न येणारी पोरगी, डुलत्या होडीत, दोन्ही हात वर! मी तिचा पाय धरून बसलो. तिने हेडफोन ओढून माझ्या डोक्यावर दाबले.

काय सांगू. खाली ढोल वाजत होते. ढुम-ढुम-ढुम-ढुम, एक पथक इथे, एक तिथे, तिसरं लांबून उत्तर देतंय. शिमग्याला पंचक्रोशीतल्या सगळ्या पालख्या एकाच पाराशी याव्यात आणि कुणी मागे हटू नये, तसं.

"ढोमे!" ती ओरडत होती. "काका, ढोमे आहेत! नर हाका मारतायत माद्यांना! पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूने ढोल बडवतात. इथे जमतात ते, इथे, या खळग्यात!"

ढोमा मी जन्मभर तळून खाल्ला. तो वाजवतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री मी भाजी खाल्ली. आता खातो म्हणा पुन्हा, पण पहिला घास घेताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

बुधवारी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. संस्थेची माणसं आली. त्यांत पांढऱ्या मिशांचे एक साहेब, ते हसले असतील तर त्यांच्या बारशालाच. अख्खा गाव मागे उभा. खानावळवाला तर नवा शर्ट घालून आलेला.

तिने टकटक ऐकवली. साहेब पुढे वाकले. आणि ती म्हणाली, "हा मासा नाही. मी चुकले. या आमच्या हिरामावशी आहेत, आणि त्यांच्या बरोबरच्या बायका. कालवं फोडतायत."

खानावळवाला खाली बसला. हिरामावशीने पदर सावरून साहेबांना नमस्कार केला. ओळख करून दिली होती ना.

मग तिने सोमवारचे ढोल ऐकवले. साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"एका संध्याकाळचं. हेही उद्या कुणाचं कांडण-मुसळ निघणार नाही कशावरून?"

"तेच मलाही कळत नाही, सर," ती म्हणाली. "तळाचा कान त्या खळग्यापासून लांब, त्यात हे पुसटच येतं. बाकीच्या दिवशी ढोमे गप्प बसतात, की ते वाजवतात आणि टकटकीत मला ऐकू येत नाहीत, तेही माहीत नाही. म्हणून तर वर्ष हवंय."

"टकटक बंद करून ऐकलंत का? सोमवार सोडून?"

तिने हिरामावशीकडे पाहिलं. बुधवार म्हणजे आमच्याकडे बाजाराचा वार. बुधवारची ओहोटी बायकांनी सोडायची, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार? खाली मान घालून उभी राहिली.

"सायेब," मागून आवाज आला. हिरामावशी. "आज आमी ठोकनार न्हाय. तुमी जावा नि ऐका."

"मावशी, आज बुधवार..." पोरगी म्हणाली.

"मना वार नको शिकवू. माझ्या घरात जेवतंस ना? मग गप."

संध्याकाळी साहेबांना घेऊन मी होडी खळग्यावर आणली. खडकांवर बायका आल्या होत्या, पण कोयत्या घरी ठेवून. नुसत्याच बसल्या होत्या, हात मांडीवर, ओटीभरणाला बसल्यासारख्या. कालवं त्यांच्या पायाशी उघडी पडलेली आणि ओहोटी फुकट चाललेली. किनाऱ्यावर गाव उभं, तेही मुकं. आणि मी, मी, गप्प बसलो! दाढ उपटतानाही मी डॉक्टरला गोष्ट सांगत होतो, तो मी.

हेडफोन साहेबांच्या कानावर. ती माईकची वायर धरून बसलेली. काही नाही. सूर्य अर्धा गेला. काही नाही. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आपणच तळाला बुडी मारावी आणि पोट बडवावं.

साहेबांच्या मिशा हलल्या.

मग भुवया. मग त्या गंभीर माणसाने, आईशपथ, मांडीवर ठेका धरला. ढुम-ढुम-ढुम-ढुम. तिने हेडफोनसाठी हात पुढे केला तर त्यांनी दिले नाहीत! "थांबा हो, थांबा," म्हणाले आणि तिचा हात बाजूला केला. ती होडीच्या तळाशी मटकन बसली, हसत आणि रडत, आणि खडकाकडे बघून दोन्ही हात हलवायला लागली. पलीकडून बायकांनी असा काही गलका केला की ढोमे नक्की दचकले असणार.

कान राहिला. वर्षाचं म्हणाले होते, अजून आहे. राहिली नाही ती. इतकं चोख काम करणारी पोरगी एका खाडीपाशी कोण ठेवतो? संस्थेने तिला कुठल्या कुठे, दुसऱ्या समुद्रावर, नवे कान टाकायला पाठवलं. जाताना हिरामावशीने बरणीभर सुकं दिलं, आणि तिला एसटीतही बोट लागली, हे कंडक्टरने मला सांगितलं. आता दुसराच माणूस येतो, कान उपसतो, ऐकलेलं तिला पाठवतो. चांगला आहे बिचारा. ओकत नाही.

परवा तिचा फोन आला. मी टकटक्याची चौकशी करणार, तोच म्हणाली, "काका, मागच्या महिन्याचं ऐकतेय. बाकीच्या सगळ्या आहेत, पण मावशींचा ठोका आठवडाभर नाहीये. त्या दोन मारून थांबतात, मग तिसरा. बरं नव्हतं का त्यांना?"

ताप होता. आठ दिवस अंथरुणाला खिळली होती म्हातारी. गावातल्या निम्म्या लोकांना पत्ता नव्हता.

मी जाऊन हिरामावशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. म्हणाली, "ताप यून गेला, नि आता इचारतंय." मग एक खडा वेचून फेकला नि म्हणाली, "पन इचारलंन."

ओहोटी लागायची होती अजून. तरी ती उठली, कोयती घेतली आणि खडकावर गेली. मी होडीतून पाहत होतो. पाण्यात, बोयाच्या दिशेने, जेवढं पुढे जाता येईल तेवढी गेली, वाकली, आणि ठोकलं. दोन मारून थांबली, मग तिसरा. पुन्हा तसंच. चांगलं जोरात.

त्या खडकावर कालव एकही नव्हतं.